वांग्याच्या आळ्यातली कॉफी

कुसुमकाकूंचं नाव आधी लिहून टाकते. आठवणींच्या मागे लागले की मी कुठे वाहवत जाईन याचा मला भरवसा नाही, आणि त्या गडबडीत त्यांचं नाव मागे पडलेलं मला चालणार नाही. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेला आमच्या कॉफीच्या दुकानाच्या मागे, एका भिंतीच्या अंतरावर त्यांचं घर आहे. पुढे अंगण, अंगणात वांगी, पालक, सांबार, फाटकाशी गोडनिंब म्हणजे कढीपत्ता, आणि कोपऱ्यात सगळ्यांवर सावली धरून उभा असलेला कडुनिंब. मी आज वर्ध्यात आहे, या दुकानाचं शटर रोज सकाळी माझ्याच हाताने वर जातं, ते काकूंमुळे. त्यांनी नेमकं काय केलं, असं कुणी विचारलं तर सांगायला एवढंसंच आहे. त्या माझ्याकडून रोज कचरा घेत गेल्या. का घेत गेल्या, ते मला अजून उलगडलेलं नाही.

थंडी परत आली आहे. शटरच्या लोखंडाला हात लावला की बोटं दचकतात. रस्त्यावरून कापसाने फुगलेले ट्रॅक्टर जिनिंगकडे जातात, आणि ते गेले की कडेच्या बाभळींना कापूस लागलेला दिसतो. पहिल्या हिवाळ्यात मला वाटलं, ही इथली काहीतरी वेगळीच झाडं असणार. विचारायची लाज वाटली म्हणून कित्येक दिवस तसंच समजत राहिले. आमच्याकडे, जतच्या बाजूला, माळ आणि मुरूम. तिथल्या बाभळीला काटे सोडून काही लागलेलं मी पाहिलं नव्हतं. आता मला खरं काय ते माहीत आहे, तरी सकाळी धुरकट उजेडात त्या झाडांकडे बघितलं की क्षणभर तशीच फसगत होते. ती होऊ देते मी.

याच दिवसांत वांग्याला फूल येतं. जांभळं, मान खाली घातलेलं, आत पिवळा तुरा. कुणाला गुलाब बघून काही आठवत असेल. मला वांग्याचं फूल दिसलं की अपराधी वाटतं, आणि त्याच वेळी बरंही वाटतं. दोन्ही एकदम कसं होतं, कोण जाणे.

माझी शाळा नववीत सुटली. सुटली म्हणते, कारण मी सोडली की ती आपोआप सुटली हे मला नक्की सांगता येत नाही. गावातून शाळेला जाणारी सकाळची एसटी बंद झाली, मग शेतात काम निघालं, मग आई आजारी पडली, आणि एक दिवस बघते तर खुंटीवरच्या माझ्या दप्तरात हुलगे भरून ठेवलेले. आईला रिकामी पिशवी मिळाली नसेल. पुढे मावशीकडे पुण्याला गेले, एका कॉफीच्या दुकानात कप धुवायला लागले, धुता धुता मशीन शिकले. दुकानाच्या मालकांनी वर्ध्याला एक शाखा काढायची ठरवली. इकडे शिकायला आलेल्या मुलामुलींची वसतिगृहं पुष्कळ, सेवाग्रामला जाणारा-येणारा रस्ता जवळ. मालक म्हणाले, "तू जातेस का?" मी हो म्हटलं. वर्धा कुठे आहे ते नंतर विचारलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमची कॉफी ही पुडीतली, दुधात टाकली की नाहीशी होणारी कॉफी नव्हे. भाजलेल्या बिया दळायच्या, तो भुगा मशीनच्या दांड्याला असलेल्या वाटीत दाबून बसवायचा, त्यातून उकळतं पाणी जोराने काढायचं. रस कपात उतरतो आणि दांड्यात उरतो तो चोथा, दाबून घट्ट झालेला, बिस्किटाएवढा गोल. डब्याच्या कडेवर दांडा ठोकला की ती चकती ठप्पकन खाली पडते. दिवसभर ठप्प, ठप्प. संध्याकाळपर्यंत बादली भरते. ओली, काळी, जड. पुण्यात ही बादली कोण नेत होतं, कुठे नेत होतं, मी कधी विचार केला नव्हता. इथे ती माझीच झाली.

पिशवीत भरून घंटागाडीत द्यावी, तर पिशवी गळायची. गाडीवाला म्हणायचा, "ताई, हे टपकणारं नाई घेत मी, गाडी खराब होते." म्हणून ती पिशवी मागच्या भिंतीशी बसून राहायची. आणि उतार कुठे, तर काकूंच्या फाटकाकडे.

त्या सकाळी काकूंनी सडा टाकून रांगोळी काढली होती. रांगोळीच्या मधोमध माझ्या पिशवीतलं काळं पाणी आरपार गेलं. काकू पदर खोचून दुकानाच्या मागच्या दाराशी आल्या.

"हे काय सांडून राह्यली वं तू माह्या फाटकात? डांबर आहे का?"

"कॉफी आहे, काकू."

"कॉफी अशी राह्यते?"

मी पिशवीचं तोंड उघडून दाखवलं. त्यांनी एक चकती उचलली, बोटांनी मोडली, नाकाशी धरली. त्यांच्या मागे काका उभे होते, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, हातात काठी आणि काखेत पेपर. काका म्हणाले, "कॉफीले कुठं चोथा राह्यते? ते तं दुधात विरघळून जाते."

"तुमची विरघळते," काकू म्हणाल्या. "हिची नाई विरघळत."

पण त्या यायच्या आधीच जे व्हायचं ते झालं होतं. दुकानाच्या पाटीवर मालकांचा नंबर होता आणि काकूंनी आधी तिकडेच फोन लावून तक्रार केली होती. मी तिथे उभी असतानाच मालकांचा फोन आला. ते चिडून बोलत नाहीत कधी. शांत आवाजात म्हणाले, "हे बघ, नवीन जागा आहे. शेजाऱ्यांशी वाकडं घेऊन मला धंदा करायचा नाही. परत तक्रार आली तर मी मशीन उचलून दुसरीकडे नेतो. तू गावी जा."

गावी जा. हे दोन शब्द त्यांना साधे वाटले असतील. आदल्याच दिवशी आई फोनवर म्हणाली होती, "ये की गं आता. काय लागलंय तिथं तुला? पाव्हणं येऊन गेल्यात. फोटू बघितलाय त्यांनी तुझा. मळा हाय, दोन म्हशी हायत्या." आईचं काही चुकत होतं असं नाही. पण मी एकदा परत गेले असते तर खुंटीवरच्या त्या दप्तरासारखी मला पण कुणीतरी कशाने तरी भरून ठेवली असती, एवढं मला दिसत होतं. मला दुसरं काय हवं होतं ते मात्र दिसत नव्हतं. एवढंच, की मला इथे राहायचं होतं.

फोन ठेवला तेव्हा माझ्या तोंडाकडे बघून काकूंना काय कळलं ते त्यांनाच माहीत. त्यांनी विचारलं, "काय म्हणे तुहा मालक?" मी सांगितलं. त्यांनी एकदा रांगोळीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "गुलाबाले चहाचा चोथा टाकतो मी. हे पण चोथाच आहे ना. आण ती बादली इकडं. रोज आणत जाजो."

काका म्हणाले, "अवं, आत्ताच तं भांडाले गेलती तू."

"भांडून झालं," काकू म्हणाल्या.

तेव्हापासून माझ्या दिवसाला एक शेपूट फुटलं. दुकान आवरून अंधार पडायच्या आत बादली उचलायची, मागच्या दाराने बाहेर पडायचं, फाटकाची कडी काढायची. त्या वेळेला कॉलनीत सगळीकडून एकाच वेळी फोडणीचे वास यायचे, कुठे झुणका, कुठे वरण, आणि त्यात माझ्या बादलीचा जळकट गोड वास. काका अंगणात खुर्ची टाकून बसलेले. "आली का डांबरवाली," असं म्हणायचे. मला कुणी चिडवतंय याचंच बरं वाटायचं. चिडवायला माणूस ओळखीचं लागतं.

सांबार म्हणजे कोथिंबीर हे मला काकूंच्या अंगणात कळलं. सकाळचं धुकं पालकावर कसं बसतं, काळी माती पाण्याने गच्च होते आणि वाळली की तळव्याएवढ्या भेगा कशा पडतात, तेही. आमच्याकडची माती हातात घेतली तर खडे उरतात. इथली हाताला चिकटून घरापर्यंत येते. काका एकदा म्हणाले, "वर्ध्याच्या मातीले कायचं खत? हे तं लोणी आहे." काकू म्हणाल्या, "लोणी तुमच्या सायबाच्या शेतात. कॉलनीच्या प्लॉटात घर बांधताना सगळ्यायनं मुरूम टाकला, इटा टाकल्या, शिमीट टाकलं. त्याच्यात झाड उगवते हेच नवल."

आणि वांगी. काकूंची वांगी नुसती वांगी नव्हती. दर हिवाळ्यात, मार्गशीर्ष लागला की, काकू मारुतीच्या देवळापाशी रोडगे करतात. जाड कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडायचे, तूप सोडायचं, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. सगळी गल्ली जेवते. त्यांच्या सासूपासून चालत आलेलं आहे, आणि भाजीला वांगी अंगणातलीच, हे त्यांचं त्यांनी ठरवलेलं. रोपं लावतानाच त्या म्हणाल्या होत्या, "हे रोडग्याचे वांगे आहे. यायले जपजो."

आम्ही जपली. कशी जपली ते आता आठवलं की हसावं की काय करावं कळत नाही. चहाच्या चोथ्यात साखर असते, तो तसाच टाकला तर मुंग्या लागतात, म्हणून काकू तो आधी धुऊन घ्यायच्या, उन्हात वाळवायच्या, मग झाडाला द्यायच्या. कॉफीलाही त्यांनी तोच नेम लावला. मी म्हटलं, "काकू, यात साखर नसते."

"धुतल्यानं काय बिघडते?"

परातीत चकत्या मोडायच्या आणि पाणी घालून चोळायच्या. पाणी काळं. ओतलं, दुसरं घातलं. तेही काळं. काकूंना पाणी नितळ व्हायला हवं होतं आणि ते होईना. काका पेपराच्या आडून म्हणाले, "लोक कॉफी पेते. आमच्या घरी तिले आंघोळ घालून राह्यले." मग गच्चीवर जुन्या लुगड्यावर वाळवण. पापड, कुरड्या, सांडगे वाळत घालणाऱ्या गच्चीवर कॉफी वाळत होती. वाळली की हलकी, भुरभुरीत, बोटातून निसटणारी. ती वांग्याच्या आळ्यात बुंध्याशी जाडच्या जाड पसरायची आणि तळहाताने थापून बसवायची, अंगण सारवल्यासारखी.

काकूंनी मला एकदाच विचारलं, "झाडाले चालते ना हे?"

"चालतं म्हणतात," मी म्हटलं. मोबाइलवर तसं कुठेतरी होतं. आम्हा दोघींना एकमेकींवर इतका विश्वास होता की त्यापुढे कुणाला काही विचारायची गरज वाटली नाही. त्यांना वाटायचं मला कॉफी कळते, मला वाटायचं त्यांना माती कळते. दोन्ही खरंच होतं. पण कॉफी आणि माती एकत्र आली की काय होतं, ते दोघींनाही ठाऊक नव्हतं.

काळ्या मातीवर काळी कॉफी. सकाळी बघितलं तरी ओली दिसायची, दुपारी बघितलं तरी ओली दिसायची. काकू वाकून बघायच्या आणि म्हणायच्या, "ओल आहे अजून, पाणी नको टाकू." टाकलं त्या दिवशी पाणी वर तळ्यासारखं चमकायचं, कडेने हळूच ओघळून जायचं, आणि आम्हाला वाटायचं माती तृप्त झाली. पानं दुपारी कान पाडायला लागली. मग सकाळीही कान पाडलेलेच. फुलं आली ती धरायच्या आधी गळाली. काकू म्हणाल्या, कीड असेल. राख टाकली. गोमूत्र शिंपडलं. काका रोज काठी टेकत वाफ्याभोवती फेरी मारायचे, आणि एका दुपारी, मी काकूंकडे सुट्टे मागायला म्हणून आले होते, त्यांची काठी सहज आळ्यात टेकली. टक् असा आवाज झाला. काकांनी परत टेकली.

"अवं कुसुम, हे तं टाकीच्या झाकणावानी वाजते."

मी बसले. बोटं घालून बघितलं तर कॉफीचा थर अख्खाच्या अख्खा उचलून हातात आला, पापडासारखा. त्याच्या खाली माती पांढरट, कोरडी, भेगाळलेली. एक मुंगी त्या भेगेतून वर आली आणि उजेड बघून परत आत गेली. आम्ही झाडांच्या गळ्याशी झाकण बसवलं होतं आणि वरून रोज पाणी घालत होतो.

तो पापड काकूंनी माझ्या हातातून घेतला, उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला, आणि वाफ्याच्या कडेला ठेवून दिला. मग आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज आला, रोज येतो तसाच. काही बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी बादली न्यायचं बंद केलं. तोंड कुठलं घेऊन जाणार? चोथा गोण्यांत भरून दुकानात, मोरीच्या ओट्याखाली लपवायला लागले. आधी वास नव्हता. मग गोण्यांवर पांढरी लव आली, मग हिरवी, आणि ओल्या भिंतीसारखा एक कुंद वास दुकानभर बसला. मुलं कप तोंडाशी नेऊन थांबायची, इकडे तिकडे बघायची. कुणीतरी मालकांना कळवणार, आज नाहीतर उद्या, हे मला समजत होतं. गोण्या बाहेर ठेवल्या तर तक्रार, आत ठेवल्या तर तक्रार, काकूंकडे नेल्या तर त्यांच्या मेलेल्या वांग्यांसमोरून न्यायच्या. फोन वाजला की आधी आईचा आहे की मालकांचा ते बघायची आणि दोन्ही नको वाटायचे. मनातल्या मनात मी पिशवी भरायलाही घेतली होती. कुठला कपडा खाली, कुठला वर, इथपर्यंत.

आणि एका दुपारी काकू दुकानात आल्या. पुढच्या दाराने. या दाराने त्या कधी आल्या नव्हत्या. दाराशी त्यांनी चपला काढून ठेवल्या, देवळात ठेवतात तशा, आणि टेबलांवरची मुलं बघत असताना अनवाणी सरळ माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"काऊन वं, बादली काऊन नाई येऊन राह्यली?"

"काकू, वांगी गेली ना तुमची."

"गेली तं गेली. वांगे बजारात भेटते."

"पण ती रोडग्याची होती."

"मारुती काय विचारते का, वांगे कोणाच्या घरचे म्हणून?" मग त्यांचं नाक आकसलं. त्या वाकल्या, मोरीखाली बघितलं. "अन् हे काय? बुरशी आणली? माह्या अंगणात काय जागा नाई का तुह्या गोण्याले?"

एका मुलाला वाटलं भांडण चाललंय. तो म्हणाला, "आजी, काही प्रॉब्लेम आहे का?"

"आहे," काकू म्हणाल्या. "गोणी जड आहे. धर तिकडून."

शिकायला आलेली ती दोन-तीन मुलं, काकू आणि मी, अशी आमची वरात गोण्या उचलून मागच्या फाटकातून आत गेली. कॉफी पिणाऱ्यांनी स्वतःच्या कॉफीचा चोथा वाहून नेलेला मी तरी त्या आधी बघितला नव्हता.

मग कडुनिंबाखाली ढीग रचायला घेतला. या वेळी कुणीही जाणकार नव्हतं. आम्ही आपलं चाचपत होतो. कॉफी एकटी ठेवली की तिचा पापड होतो एवढं कळलेलं होतं, म्हणजे तिला एकटी ठेवायची नाही. कॉलनीतल्या बदामाच्या झाडांची मोठी लाल पानं थंडीत गळतात, ती मी झाडूवाल्या बाईंकडून मागून आणायची. कुणाच्या शेतातून आलेल्या तुराट्या मोडून घातल्या. एक थर पाला, त्यावर मूठ मूठ कॉफी, त्यावर शेण. शेण आणायचं काम काकांकडे. "सरकारी नोकरीत होतो तवा कोणी मले शेण आणाले नाई लावलं," असं म्हणत ते पिशवी घेऊन निघायचे, आणि येताना चालीत जरा रुबाब असायचा. पाणी शिंपडायचं, आणि अधूनमधून फावड्याने सगळं वरखाली करायचं. धुणं बंद. वाळवण बंद.

थोड्याच दिवसांत ढीग तापला. सकाळी फावडं घातलं की आतून वाफ निघायची, धुक्यात मिसळून जायची. मी पहिल्यांदा हात घातला आणि घाबरून मागे घेतला. एखाद्या जनावराच्या पोटाला हात लागावा तसं ऊन. काका खुर्ची ढिगाशी सरकवून तळवे शेकत बसायचे. गल्लीतली एक भुरी मांजर तिथेच झोपायला लागली. आणि वास. कॉफीचा नाही, शेणाचा नाही, पाल्याचाही नाही. कुठल्यातरी चौथ्याच वस्तूचा. मी त्या वासाजवळ उगीच उभी राहायची. माझ्या मनातल्या पिशवीतले कपडे कधी परत दोरीवर गेले, मला आठवत नाही.

मालकांचा फोन यायचा. "कचऱ्याचं काय करतेस आता?" "जातो," मी म्हणायची. तक्रार आली नाही. तक्रार करणारं माणूसच बादली घेत होतं.

रोडग्यांचा दिवस आला. मारुतीच्या देवळापुढे गोवऱ्या पेटल्या, गल्लीतल्या बायका कणीक मळायला बसल्या, मला वाढायला उभं केलं. वांगी बाजारातली. भाजी तशीच झाली होती, तेल सुटलेली, तिखट, काळ्या मसाल्याची. मला तरी फरक कळला नाही. पण पंगतीत बसलेल्या एका शेजारणीने पहिला घास घेतला आणि विचारलं, "कुसुमबाई, यंदा वांगे घरचे नाई वाटते वो?"

माझ्या हातातली पळी भांड्यातच राहिली. सगळ्यांनी काकूंकडे बघितलं. अंगणातली वांगी जळाली हे गल्लीला दिसलेलंच होतं. कशाने जळाली ते कुणाला ठाऊक नव्हतं. काकूंनी एवढंच म्हणायचा अवकाश होता की या पोरीच्या कॉफीने. खोटं नव्हतं ते. हसत सांगितलं असतं तरी दुसऱ्या दिवशी ते गल्लीभर झालं असतं, दुकानापर्यंत आलं असतं, पुण्यापर्यंत गेलं असतं.

काकू रोडगा फोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नाई. यंदा माती आराम करून राह्यली."

"हो बाप्पा, तिनं तरी किती करावं," शेजारीण म्हणाली आणि जेवायला लागली. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "ओ डांबरवाली, तूप इकडं आण." मी तूप नेलं. लक्ष काकूंकडे होतं म्हणून त्यांच्या पानात जास्तच पडलं. काकू सगळ्यांत शेवटी जेवायला बसल्या, गार झालेलं.

इथेच मी अडकते. इतके हिवाळे येऊन गेले, तरी इथेच. त्यांनी बादली घेतली ती तक्रार त्यांनीच केली होती म्हणून का? मन खात असेल म्हणून? की खरंच खत हवं होतं? की माझ्या तोंडाकडे बघून? एका कारणासाठी घेतली असेल तर तेवढ्यापुरतं उपकार मानून मोकळं होता येईल, असं काहीतरी माझ्या डोक्यात असावं. एकदा काकांना विचारलं. ते म्हणाले, "मले काय विचारते? इतकी वर्षं संसार केला, मलेच तिचं समजलं नाई." मग काकूंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "कोणती तक्रार? मले आठवत नाई. हात धू, चहा झाला."

कॉफी त्या अजून पीत नाहीत. एकदा एक घोट घेतला होता, तोंड वेडंवाकडं झालं. "याच्यापेक्षा याचा चोथा बरा," म्हणाल्या.

पुढच्या खेपेला त्या ढिगाची माती झाली. काळी, मोकळी, मुठीत दाबली की गोळा होणारी आणि सोडली की उमलणारी. ती वाफ्यात मिसळली, आणि त्यानंतर काकूंची वांगी अशी लागली की रोडग्यांना पुरून उरली. बायका विचारायला लागल्या, काय टाकता म्हणून. काकू सरळ सांगायच्या, "कॉफी." त्यावर कुणाचा विश्वास बसेना. एकीचा बसला, आणि तिने दुकानातून पुडीतली कॉफी आणून गुलाबाला घातली. काका ती गोष्ट अजून सांगतात, आणि दर वेळी गुलाबाचं काहीतरी नवीन होतं. मागे सांगितलं तेव्हा त्याला झोप येत नव्हती.

आज सकाळी मी वाफ्यात बसले होते. काकूंचे गुडघे आता वाकत नाहीत, त्या पायरीवर बसून सांगतात आणि मी करते. हे माझं फेडणं आहे का, असं मनात आलं. वाटलं, नाही. कारण यात मला सुख आहे. ज्यात आपल्यालाच सुख आहे ते फेडणं कसं होईल? मग फेडणं म्हणजे काय, तेही धड कळेना. आईशी मी आता रोज बोलते. ती पाहुण्यांचं काढत नाही, पण दर फोनला शेवटी विचारते, "तिथं तुझं कोण हाय गं?" मी म्हणते, आहेत. ती म्हणते, कोण? मला सांगता येत नाही. घरमालकीण नाहीत, नात्यातल्या नाहीत, दुकानातल्या नाहीत. माझा कचरा घेणाऱ्या बाई आहेत, असं आईला कसं सांगायचं?

म्हणून ठरवलं आहे. काकू, हे तुम्ही वाचाल की नाही माहीत नाही; काका मोठ्याने वाचून दाखवतील आणि मधे स्वतःचं घालतील. गाडीने, गादीवर बसवून, गुडघ्यांना त्रास होणार नाही अशा बेताने, एक दिवस मी तुम्हाला आमच्या जतला नेईन. आमच्या दारात बसवीन आणि आईला सांगीन, मी परत आले नाही ती ह्यांच्यामुळे. ती रडेल, की रागवेल, की तुमच्या पाया पडेल, मला काही सांगता येत नाही. पण त्या दिवशी चुलीपाशी मी असेन. पहिली भाकरी तुमच्या ताटात पडेल, तव्यावरून काढलेली, गरम, आणि तुमचं पोट भरेपर्यंत मी तुम्हाला उठू देणार नाही.